घडी मोडली का?

माणसं जोडण्यात उभा जन्म घालवूनही शेवटी ज्यांच्या हाती एक माणूस लागला नाही, असे गृहस्थ अख्ख्या नागपुरात मी एकच पाहिले, आणि ते नेमके माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. म्हणजे सुरुवातीला बसत. पुढे ते सरकत सरकत हॉलच्या दाराशी गेले आणि सगळं ऑफिस त्यांना 'दारातले बाबू' म्हणू लागलं. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नव्हतं, म्हणून मीही ते इथे काढत नाही. सिव्हिल लाइन्समध्ये इंग्रजांच्या वेळच्या एका कौलारू इमारतीत आमचं सरकारी ऑफिस होतं. साल सत्तरच्या आगेमागे मी तिथे कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे गृहस्थ फाटकात चहाचा कप हातात धरून उभे होते. चहा माझ्यासाठी होता. माझं गाव कोणतं, मावशी कुठे दिलेली, मला चहात साखर किती लागते, हे सगळं त्यांनी आधीच कुठून तरी काढलेलं होतं. "पयल्या दिवशीचा चेहरा माणूस मरेपर्यंत विसरत नाई गा," ते मला म्हणाले. "म्हणून आज हसून घे. मंग पुढं रडलं तरी चालते." मी हसलो. पुढचं त्यांचं म्हणणं मात्र त्या ऑफिसने माझ्याबाबतीत तंतोतंत खरं करून दाखवलं.

बाबूंचा सगळा विश्वास 'इम्प्रेशन' या एका शब्दावर होता. सरकारी नोकरीत काम काय, गाढवही करतं. खरं काम म्हणजे लोकांच्या मनात आपल्याबद्दल चांगलं मत तयार करणं आणि ते रोज घासूनपुसून लख्ख ठेवणं, असं ते मानत. साहेबांना वाकून नमस्कार, बरोबरीच्यांना हसून नमस्कार, चपराशाला नाव घेऊन नमस्कार. रजेवर गेलेल्या माणसाच्या रिकाम्या खुर्चीवरून जातानाही त्यांची मान सवयीने थोडी लवायची. प्रत्येकाच्या घरचं दुखणंखुपणं त्यांना पाठ. माझ्या मामांचं एकदा हर्नियाचं ऑपरेशन झालं. मामा बरे झाले, नोकरीतून मोकळे झाले, काशीला जाऊन आले, तरी बाबू दर सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून काळजीच्या सुरात विचारत, "काय म्हणते गा मामाचा हर्निया?" पुढे पुढे मला त्या हर्नियाबद्दल काही ना काही बातमी द्यावीच लागे. कुणाशी वाद घालायचा नाही हा त्यांचा आणखी एक नियम. आमच्यातले दोन कारकून एकदा खिडकीवरून भांडले. एकाला ती उघडी हवी होती, दुसऱ्याला बंद. बाबूंनी दोघांनाही बाजूला घेऊन "तुमचंच बरोबर आहे" असं सांगितलं. दोघांनी दुसऱ्या दिवशी बाबूंना साक्षीला उभं केलं आणि मग दोघांनी मिळून त्यांच्याशी अबोला धरला. खिडकीचं भांडण मात्र त्यामुळे मिटलं.

ते दाराशी कसे गेले तेही या मैत्रीचंच फळ. नागपूरचा उन्हाळा ज्याने ऑफिसात काढला नाही त्याला खुर्चीची किंमत कळायची नाही. आमच्या हॉलला एक खडखडणारा कूलर होता आणि त्याच्या वाऱ्यात जेमतेम चार टेबलं मावत. बाबू जुने असल्याने त्यांचं टेबल अगदी कूलरच्या तोंडाशी. मग एकाची बायको बाळंतपणाला गेली आणि त्याला खानावळीचं जेवण सोसेना. बाबूंनी त्याला आपली जागा दिली. दुसऱ्याला घामोळ्यांचा त्रास, त्याला पुढची जागा दिली. तिसऱ्याला काहीच होत नव्हतं, पण त्याने तोंड पाडून पाहिलं. दर चैत्रात बाबूंचं टेबल एक जागा मागे सरकायचं, आणि पावसाळ्यात ते पुन्हा पुढे आणावं असं कुणालाही सुचायचं नाही. असं करता करता ते उंबरठ्याशी आले. तिथे दुपारी लू अशी आत शिरायची की कागद दाबून ठेवायला दगड आणि डोकं झाकायला ओला पंचा लागायचा. त्या ओल्या पंच्यातून ते आल्यागेल्याला हसून विचारत, "काय, बरं आहे नं?" पुढच्या लोकांचं बरं होतंच. त्यातल्या एकानेही कधी मागे वळून, बाबू, आज तुम्ही या इकडे, असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं साध्या लोकांसाठी. साहेब म्हटलं की बाबूंच्या अंगात वेगळंच काही संचारायचं. नवा साहेब कुठून येतो हे कळायचा अवकाश, त्या गावच्या ऑफिसातल्या चपराशांकडून माहिती यायला लागे: साहेब जेवायला काय घेतात, बाईसाहेबांचं माहेर कुठलं, साहेबांना राग कशाने येतो. ती माहिती पाठ करून बाबू संत्र्यांची करंडी घेऊन स्टेशनवर हजर. डबा फलाटावर नेमका कुठे थांबतो हे त्यांना हमालांइतकंच ठाऊक होतं. एकदा अशीच बातमी आली की नव्या साहेबांना सावजी मटण प्राणापलीकडे प्रिय आहे. बाबूंनी गोळीबार चौकाकडच्या एका ओळखीच्या माणसाला सांगून खास रस्सा करवला, लालभडक, वर बोटभर तेलाची तर्री. बातमी आधीच्या साहेबांची होती. या साहेबांना अल्सर होता. ते बिचारे सभ्य. समोरचा माणूस एवढा हात जोडून उभा म्हणून त्यांनी दोन घास घेतले आणि रुजू व्हायच्या आधीच आजारपणाच्या रजेवर गेले. "काही म्हण," बाबू मला दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणाले, "सायेब मले विसरणार नाई." त्या बाबतीत त्यांचं अगदी खरं ठरलं. पुढची तीन वर्षं बाबू दिसले की साहेबांचा हात आपोआप पोटाकडे जायचा.

दुसऱ्या एका साहेबांना कुत्र्यांचा शौक. बाबू लहानपणापासून कुत्र्याला भिणारे. गल्लीत कुत्रं दिसलं तर दुसऱ्या गल्लीने जाणारे. तरी त्यांनी साहेबांच्या कुत्रीचं एक पिल्लू मोठ्या आनंदाने मागून घेतलं आणि लकडगंजातल्या आपल्या दोन खोल्यांत आणून बांधलं. रोज सकाळी ऑफिसात साहेबांना त्या पिल्लाची खुशाली सांगायची आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच्यापासून लांब, पाटावर चढून बसायचं. साहेबांशी चांगलं सूत जमलं, पिल्लाचा घोडा झाला, आणि साहेबांची बदली झाली. मागून आलेल्या साहेबांना कुत्र्याचं नाव काढलेलं चालत नसे. बाबूंची बायको फटकळ. मी घरी गेलो की त्या चहा पुढे ठेवत कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणत, "पाहा बाप्पा, सायेब गेला अन् कुत्रं राह्यलं." नुसतं कुत्रं नव्हे. एका साहेबांच्या भजनांपायी घेतलेली पेटी, दुसऱ्यांच्या बुद्धिबळाचा पट, तिसऱ्यांच्या बागेतून आणलेली आणि इथल्या उन्हात वाळून गेलेली गुलाबाची कुंडी, असे गेलेले सगळे साहेब त्या दोन खोल्यांत मुक्कामाला होते.

आणि हा सगळा खटाटोप एका खुर्चीसाठी. आमच्याकडे हेडक्लार्कला 'बडे बाबू' म्हणत आणि त्याच्या खुर्चीला हात असत. बाकी आम्ही सगळे बिनहातांच्या खुर्च्यांवर. निवृत्त होण्याआधी त्या हातांच्या खुर्चीवर बसायचं, एवढीच बाबूंची इच्छा. प्रत्येक साहेब त्यांना "तुमचं बघतो" म्हणायचा आणि बघण्याची वेळ जवळ आली की त्याची बदली व्हायची. मग पुन्हा नवा साहेब, पुन्हा स्टेशन, पुन्हा करंडी. मला वाटायचं, या माणसाला लाज कशी वाटत नाही. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी, उमरेडला गेलो, तेव्हा ही खुर्ची त्यांना कुणासाठी हवी होती ते मला कळलं.

उमरेडला त्यांचे थोरले भाऊ हातमागावर बसत. वडील लवकर गेले, तेव्हा या भावाने शाळा सोडून माग धरला आणि धाकट्याला नागपुरात ठेवून शिकवलं. धाकटा सरकारी नोकरीत लागला याचा त्यांना केवढा अभिमान. भाऊ बडे बाबू व्हावा म्हणून त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं: दर नव्या साहेबासाठी ते एक उपरणं विणत. पांढरंशुभ्र, करवतकाठी, आणि काठाच्या अगदी आतल्या अंगाला एकच हिरवा धागा. तो त्यांचा स्वतःचा. विकायच्या मालात तो धागा ते कधी घालत नसत. त्यांच्या डोक्यातला साहेब म्हणजे वडिलांच्या वेळचा, धोतर-पगडीतला. आता साहेब टेरिलिनच्या बुशशर्टात आणि सफारीत वावरतात, उपरणं त्यांच्या कुठल्याच खांद्यावर बसणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबूंनी तर सांगणं शक्यच नव्हतं. ते दर साहेबाला भेटीच्या पहिल्या दिवशी करंडीबरोबर ते उपरणं देत, साहेब "वा, वा" म्हणत, आणि त्यानंतर ते उपरणं कुणाच्या दृष्टीस पडत नसे.

थोरल्यांचं एक म्हणणं होतं. कापड मागावरून उतरलं म्हणजे झालं असं नाही. ज्याच्यासाठी विणलं त्याने त्याची घडी मोडली, ते अंगावर घेतलं, की ते झालं. मी गेलो त्या दिवशी आम्ही ओट्यावर टेकलो न टेकलो तोच मागाच्या खड्ड्यातून त्यांचा आवाज आला, "लहान्या, सायेबानं घडी मोडली का?"

"हाव दादा, मोडली नं," बाबू म्हणाले. "पंधरा ऑगस्टले झेंड्यापाशी घातलं. साऱ्याहीनं पाह्यलं. इचारा याले."

थोरल्यांनी धोटा थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मान हलवली. पंधरा ऑगस्टला साहेब राखाडी सफारी घालून आले होते आणि झेंडा अडकला म्हणून ऑफिसचं सामानसुमान सांभाळणाऱ्या नाझरावर ओरडत होते. परतीच्या बसमध्ये मी बाबूंना चिडून म्हटलं की म्हाताऱ्याशी असं खोटं बोलणं बरं नव्हे. ते म्हणाले, "मंग काय सांगू गा? तुह्यं कापड कपाटात पडून आहे म्हणू? त्याची डोळ्याची जोत चालली. मागावर बसून गेली. एवढं तं त्याच्याजवळ राहू दे."

पुढल्या काही वर्षांत थोरल्यांचे डोळे खरंच अधू झाले. शेवटचं उपरणं त्यांनी जवळजवळ चाचपत विणलं. काठ एका ठिकाणी किंचित तिरपा गेला होता, पण हिरवा धागा बरोबर होता. ज्या साहेबांना ते मिळालं ते बाबूंच्या नोकरीतले शेवटचे साहेब. त्यांनी ते न उलगडताच फायलींच्या कपाटावर ठेवलं आणि म्हणाले, "तुमचं बघतो." आणि खरंच बघण्याची वेळ आली. जुने बडे बाबू निवृत्त झाले आणि जागा रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेने बाबू पहिले. दुसऱ्या क्रमांकावर होते ते कोपऱ्यातले एक खडूस गृहस्थ. कुणी नमस्कार केला तर घड्याळाकडे पाहणारे. त्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत सह्या घ्यायला उभा होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. साहेब फोनवर वरच्या कुणाला तरी सांगत होते, "नाही, नाही, माणूस फारच चांगला आहे. सगळ्यांशी गोड. हीच तर अडचण आहे. हेडक्लार्कला चार लोकांनी घाबरायला नको का? यांनी तर स्वतःची खुर्चीसुद्धा दारात नेऊन ठेवलीय." आणि साहेब हसले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी बाबू झिजले ती त्यांनी पुरेपूर कमावली होती. साहेबांचं त्यांच्याबद्दलचं मत उत्तम होतं, आणि त्या उत्तम मतानेच त्यांचा गळा कापला. माझ्या हातातल्या फायली साहेबांच्या अंगावर फेकाव्यात असं मला वाटलं. मी सह्या घेऊन बाहेर आलो.

नव्या बडे बाबूंचं अभिनंदन करायला पहिला माणूस कोण, तर आमचे दारातले बाबू. हार आणि संत्रा बर्फीचा डबा घेऊन. बडे बाबूंनी घड्याळाकडे पाहून "ठीक आहे" म्हटलं आणि डबा खणात ठेवला. बाबू जागेवर येऊन मला म्हणाले, "चांगला माणूस आहे गा. बोलत नाई, इतकंच." मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्यांनी दोन्ही दिवस माझ्या मामांच्या हर्नियाची चौकशी केली.

आता त्यांच्या निरोप समारंभाचं सांगतो. आमच्या ऑफिसात कुणीही निवृत्त झालं की सगळी व्यवस्था बाबू करत. बर्डीच्या बाजारात जाऊन शाल आणायची, श्रीफळ, फोटोवाला, चिवडा, भाषण, सगळं त्यांच्याकडे. भाषण करताना ते खरोखर रडत, जाणाऱ्याने आयुष्यभर त्यांच्याशी वाकडं वागलेलं असलं तरी रडत. इतकी वर्षं हे असं चाललं की शाल कुठे मिळते हेसुद्धा ऑफिसात दुसऱ्या कुणाला माहीत राहिलं नाही. आणि बाबूंचा स्वतःचा दिवस उजाडला तेव्हा प्रत्येकाला वाटलं, नेहमीप्रमाणे कुणीतरी केलंच असेल. कुणीच केलं नव्हतं. मी पंधरा दिवस आईच्या आजारपणात गावी होतो. त्या दुपारीच परतलो आणि थेट ऑफिसात आलो. भरीला भर म्हणजे जुने साहेब आठवड्यापूर्वी बदलून गेले होते आणि नवे साहेब त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने यायचे होते. अख्खं ऑफिस इस्त्रीचे कपडे घालून आलेलं. टेबलावर संत्र्यांची करंडी सजलेली, झेंडूचा एक टपोरा हार ओल्या फडक्यात. पहिल्या दिवशीच्या चेहऱ्याचं महत्त्व बाबूंनीच त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांचे सगळे विद्यार्थी हुशार निघाले.

तीन वाजता बडे बाबूंनी लोक गोळा केले. बाबू नवा सदरा घालून, ओशाळं हसत पुढे उभे राहिले. बडे बाबू म्हणाले, यांचा स्वभाव चांगला होता. मग घड्याळ पाहिलं. मग शाल शोधू लागले. शाल नव्हती. कुणीतरी त्या हाराकडे पाहिलं, पण तो साहेबांचा. नाझर "थांबा, थांबा" म्हणत कोठीत पळाले. जुन्या साहेबांनी बदलून जाताना खोलीत आणि बंगल्यात टाकून दिलेल्या चीजवस्तू त्यांनी तिथे रचून ठेवल्या होत्या. त्यातून त्यांनी एक पांढरी घडी झटकून आणली आणि बडे बाबूंच्या हातात दिली. बडे बाबूंनी ती तशीच, न उलगडता, बाबूंच्या खांद्यावर ठेवली. टाळ्या झाल्या. "बोला दोन शब्द," कुणीतरी म्हणालं, "लवकर बोला." बाबूंनी नेहमीसारखी सुरुवात केली, "आपण सर्वांनी मला जे प्रेम दिलं..." आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा खांद्यावरच्या काठावरून फिरत फिरत एका ठिकाणी थांबला. बाबूही थांबले. लोकांना वाटलं, गहिवरले. पुन्हा टाळ्या झाल्या, आणि करंडी, हार, सगळं उचलून ऑफिस बाहेर उभ्या असलेल्या जीपकडे पळालं.

हॉलमध्ये आम्ही दोघंच राहिलो. कूलर चालूच होता. बाबू दाराशी आपल्या खुर्चीवर येऊन बसले, ती घडी मांडीवर घेतली आणि काठ उलटून मला दाखवला. तिरपा गेलेला काठ, आतून हिरवा धागा. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं तेव्हा होती तशीच करकरीत घडी, कडांवर फक्त धुळीची पिवळी रेघ.

"घडी नाई मोडली गा," ते म्हणाले.

मी त्या साहेबांना, बडे बाबूंना, सगळ्यांना मनापासून शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या, ऐकायला तिथे होतं कोण? बाबूंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. स्वतःची खुर्ची गेली, हार गेला, भाषण अर्धं राहिलं, याचं त्यांना काहीच नव्हतं. "उद्या उमरेडले जातो म्हणून निरोप धाडला होता," ते म्हणाले. "दादा इचारीन. आता दादाले काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लकडगंजात त्यांच्या घरी गेलो तर हे गृहस्थ अंगणातल्या नळाखाली उकिडवे बसून ते कोरं उपरणं सोड्याच्या पाण्यात घालून रगडत होते. आपटत होते, पिळत होते, झटकून पुन्हा बुचकळत होते. म्हातारं झालेलं कुत्रं शेजारी बसून बघत होतं.

"काहून मारून राहिले हो त्या कापडाले?" बायको दारातून ओरडली. "कोरं आहे न ते!"

"म्हणूनच," बाबू वर न बघता म्हणाले. "दादाच्या बोटाइले समजते. खळ गेली पायजे सारी. वापरल्यासारखं मऊ झालं पायजे."

आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी नवऱ्याला काही टोचून म्हटलं नाही. पुढे येऊन त्यांनी ते उपरणं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "असं रगडलं तं फाटन. सरका तिकडं." आणि पदर खोचून स्वतः धुवायला बसल्या. वाळल्यावर बाबूंनी ते हातात चुरगाळलं, खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारल्या, आणि शेवटी आत जाऊन सकाळच्या पोह्यावरच्या तर्रीचा एक थेंब त्याच्या टोकाला लावून आले. मी पाहतच राहिलो. "दादाले दिसत नाई, पण वैनीले दिसते," ते म्हणाले. "सायेब झाला तरी माणूस आहे. जेवताना सांडते कधी."

दुपारच्या बसने आम्ही उमरेडला गेलो. माग बंद होता, त्याच्यावर जुनी चादर टाकलेली. थोरले भाऊ ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पावलांवरून ओळखून म्हणाले, "लहान्या, झाली का नोकरी? सायेबानं घडी मोडली होती का माह्या शेवटच्या कापडाची?"

"मोडली म्हणजे!" बाबू म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "तीन साल वापरलं दादा त्यानं. अन् काल निरोपाच्या टायमाले सायेबानं सोताच्या खांद्यावरून काढलं अन् माह्या खांद्यावर टाकलं. हे पाह्य, आणलं."

थोरल्यांनी ते हातात घेतलं. दोन्ही अंगठ्यांनी ते काठ धरून हळूहळू पुढे सरकवत गेले. तिरप्या जागी थांबले, जरा हसले. मग हिरवा धागा सापडला. मग त्यांनी मधलं कापड मुठीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, त्यांनी टोकावरचा डाग पाहिला आणि नाक मुरडून म्हणाल्या, "जेवताना पण घालत होता वाटते सायेब!"

"मऊ झालं गा," थोरले म्हणाले. "लय वापरलं त्यानं." त्यांनी ते गालाला लावलं. "खुर्ची नाई भेटली तं नाई भेटली. कापड तं अंगाले लागलं." आणि मग त्यांनी चाचपडत धाकट्याच्या खांद्याचा अंदाज घेतला, उपरणं त्याच्यावर नीट टाकलं आणि वरून दोनदा थोपटलं. इतक्या वर्षांत भावाने आपल्या हातचं कापड बाबूंच्या अंगावर घातलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच. आधीचं सगळं साहेबांना गेलं होतं.

संध्याकाळच्या बसला गर्दी होती. बाबूंना खिडकीची जागा मिळाली आणि बस सुटायच्या आत त्यांनी ती एका अनोळखी म्हातारीला देऊन टाकली, वर तिला विचारलंही, तब्येत बरी आहे न म्हणून. मी माझी जागा देऊ केली तर म्हणाले, "राहू दे गा, तू बस." मला त्यांचा फार राग आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते वरच्या दांड्याला धरून उभे होते. खांद्यावर ते पांढरं, मऊ, तर्रीच्या डागाचं उपरणं. दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्या काठावर होता, आणि नागपूर येईपर्यंत तो त्यांनी तिथून काढला नाही.